औषध आपले, धाडस आफ्रिकेचे

एड्सचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितांच्याही डोळ्यांसमोर आफ्रिका उभी राहते ती हात पसरून. रोग तिचा, विद्या पाश्चात्त्यांची आणि पैसा दात्यांचा, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपासून थोड्याच अंतरावर, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. एकास लागण असलेल्या आणि दुसऱ्यास नसलेल्या जोडप्यांवर जी आंतरराष्ट्रीय चाचणी पुढे झाली, तीत या संस्थेचा सहभाग होता. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, हा तिचा निष्कर्ष २०११ साली जगापुढे आला. त्या १,७६३ जोडप्यांपैकी निम्म्याहून अधिक जोडपी आफ्रिकेतील होती.

पण आफ्रिकेने केवळ रुग्ण पुरविले असे नव्हे. १९८७ साली झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी आपला मुलगा एड्सने गेल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी युगांडात नोएरिन कलिबा यांनी, पतीच्या निधनानंतर, रुग्णांना आधार देणारी संघटना उभारली. आपल्याकडे तेव्हा हा रोग परक्यांचा, फार तर ट्रकचालकांचा आणि वेश्यांचा, अशी समजूत करून घेऊन सभ्य समाज निश्चिंत होता. (ट्रकचालकालाही घर असते, हे त्या हिशेबात कोणी धरले नाही.)

औषधांची कथा तर अधिक बोलकी आहे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या कृतीला संरक्षण दिले, औषधाला नव्हे. त्यामुळे वेगळ्या कृतीने तेच औषध बनविण्यास मुंबईची सिप्ला कंपनी मोकळी होती. वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात जाणारा तीन औषधांचा उपचार ३५० डॉलरांत देण्याची तयारी युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये दाखविली. परंतु स्वस्त औषधाला दार उघडे हवे. ते उघडले आफ्रिकेने. कंपालाच्या डॉ. पीटर मुग्येनी यांनी पेटंटचा बडगा न जुमानता सिप्लाची औषधे युगांडात आणली. दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध ३९ कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. झॅकी अकमत यांच्या संघटनेने रस्त्यावर आणि न्यायालयात जी झुंज दिली, तिच्यापुढे त्यांना एप्रिल २००१ मध्ये माघार घ्यावी लागली. सर्वांना औषध मिळेपर्यंत आपण ते घेणार नाही, असा पण स्वतः बाधित असलेल्या अकमत यांनी केला होता. सत्याग्रहाची ही जात आपल्याला अनोळखी नसावी.

आफ्रिकेचे सारेच नेतृत्व थोर होते, असे मात्र म्हणता येणार नाही. एड्सचे कारण विषाणू आहे यावरच शंका घेणाऱ्या थाबो एम्बेकी यांच्या हट्टाने तीन लाखांहून अधिक माणसे हकनाक गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. पण त्या हट्टाला वठणीवर आणले तेही तिथल्याच रुग्णांनी, २००२ साली घटना न्यायालयात जाऊन. याच वर्षी जानेवारीत बोट्स्वानाने सरकारी खर्चाने उपचार सुरू केले. औषधे बनविणाऱ्या भारतात ती मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून!

आपल्याकडे असे नेतृत्व अगदीच नव्हते काय? होते, पण ते मंत्रालयात नव्हते. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतील स्त्रियांनी निरोधचा प्रसार आणि स्वतःच्या हक्कांची लढाई एकाच वेळी हाती घेतली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत एकाएकी रोखली, तेव्हा आफ्रिकेतील दवाखान्यांसमोर जो प्रश्न उभा राहिला, त्याला तोंड देताना अशाच संघटनांचे बळ उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे कायदा झाला तो २०१७ साली, आणि अमलात आला सप्टेंबर २०१८ मध्ये. केवळ बाधित म्हणून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असलाच पाहिजे, असे तो सांगतो. निगडीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत त्या अधिकाऱ्याचे नाव किती कामगारांना ठाऊक आहे?