कारल्यात अळी? आंब्याचा सापळा इथे चालणार नाही!

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात कारली, पडवळ, शिराळी, काकडीचे वेल मांडवावर चढतात. ऋषिपंचमीच्या भाजीला घरचंच पडवळ असावं, अशी अनेकांची हौस असते. पण फळ बोटभर होताच वाकडं होतं, पिवळं पडतं आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या दिसतात. हा प्रताप फळमाशीचा.

फवारणीने का भागत नाही?
मादी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. टोचल्या जागी चिकट रस दिसतो. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर खाऊ लागतात. सालीवर मारलेलं औषध सहसा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट फळधारणेसाठी लागणाऱ्या मधमाश्या मरतात आणि विषाचा अंश घरच्याच ताटात येतो.

सापळा कोणता?
दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आंबा बागायतदारांच्या परिचयाचा आहे. आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल हे आमिष असतं. वेलभाज्यांवरची फळमाशी वेगळ्या जातीची असून ती त्याकडे फिरकत नाही. तिच्यासाठी ‘क्यू ल्युअर’ लागतं. कृषी सेवा केंद्रात मागताना ‘वेलभाज्यांसाठी’ असं स्पष्ट सांगा. परसबागेला एक-दोन सापळे पुरतात. ते मांडवाच्या उंचीवर टांगा आणि वेष्टनावरील मुदतीनुसार आमिष बदला.

सापळा पुरेसा आहे का?
नाही. त्यात फक्त नर अडकतात. आधीच मीलन झालेल्या माद्या अंडी घालतच राहतात. म्हणून हेही करा:

• किडकी, गळलेली फळं रोज वेचा. पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते आणि त्यातून नवी माशी निघते.
• ही फळं उकिरड्यावर किंवा खतखड्ड्यात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा.
• फळ धरल्यावर लगेच त्यावर बारीक जाळीची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा. फुलावर बांधू नका, परागीभवन होणार नाही.
• वेलाखालची माती अधूनमधून हलवा, म्हणजे कोष उघडे पडतात.

माशीला कुंपण अडवत नाही. त्यामुळे शेजारच्या वाडीतही किडकी फळं वेचली गेली, तरच तुमचं पडवळ ताटापर्यंत पोहोचेल.