वोल्फ्सबुर्गहून : गाडीनं गाडीला दिलेला डिपर

घाटात समोरच्या ट्रकवाल्यानं दोनदा डिपर मारला की आपण समजून जातो : पुढे पोलीस आहेत, नाहीतर काहीतरी आडवं झालंय. बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवायची रीत त्यातलीच. जर्मनीत फांदीच्या जागी तांबडा त्रिकोण असतो. 2014पासून गाडीत चमकतं जाकीटही सक्तीचं आहे.

गेल्या आठवड्यात हानोव्हरला जाताना मित्राच्या फोक्सवॅगन गोल्फला मात्र पुढचा अडथळा दिसण्याआधीच कळला. पडद्यावर खूण उमटली : पुढे रस्त्याचं काम. मित्रानं पाय उचलला आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. थोड्या वेळानं बाणाची पाटी लावलेला ट्रेलर दिसला. खबर त्यानंच धाडली होती.

आठव्या पिढीची ही गोल्फ 2019 साली इथेच, वोल्फ्सबुर्गला, लोकांसमोर आली. तिच्यातला रेडिओ 5.9 गिगाहर्ट्झवर गाडीची जागा, वेग आणि दिशा आसपासच्यांना सांगत राहतो, गरज पडली तर सेकंदात दहा वेळाही. मधे ना मोबाइलचा टॉवर, ना इंटरनेट. पल्ला जास्तीत जास्त 800 मीटर, म्हणजे ताशी 100च्या वेगात जेमतेम 29 सेकंद. ब्रेकला तेवढे पुष्कळ झाले.

जर्मन माणूस यावर पहिला प्रश्न विचारतो तो सुरक्षेचा नव्हे : ‘माझ्यावर पाळत कोण ठेवतंय?’ म्हणून संदेशात नाव नाही, नंबरप्लेट नाही. खरेपणाची सही असते तीही टोपणनावाची, आणि ते टोपणनावही बदलत राहतं.

घोडं अडलंय ते गाड्यांच्या भाषेवर. हा रेडिओ वायफायच्या कुळातला. बीएमडब्ल्यूसारख्यांचा ओढा मोबाइलच्या जाळ्याकडे. वायफायला झुकतं माप देणारा युरोपीय नियम सदस्य देशांनी जुलै 2019मध्ये फेटाळला. त्यामुळे शेजारून जाणारी महागडी गाडी ठार बहिरी असू शकते.

मला भावली ती यंत्राविना चालणारी गोष्ट. वाहतूक तुंबली की डावीकडच्या रांगेनं डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेला वाट. याला ‘रेटुंग्सगासं’ म्हणतात. सायरन वाजायची वाट बघायची नाही. चुकलात तर किमान 200 युरो दंड.

फोक्सवॅगन आपल्या चाकणलाही गाड्या बनवते, त्यामुळे हा रेडिओ उद्या पुण्यात आला तर नवल नाही. पण मला नवले पुलाचा उतार आठवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेला टँकर मागून येतोय हे खाली खोळंबलेल्या गाड्यांना अर्धा मिनिट आधी कळेलही. पुढे बंपर, मागे बंपर, बाजूला रिक्षा. त्यांनी सरकायचं कुठे?