बिअरची चव मराठीत कशी सांगायची?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं आणि लोकलच्या गर्दीत आवाज बंद करून हे वाचणाऱ्यांचंही स्वागत. आजचा विषय आहे क्राफ्ट बिअर.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. पिण्याचं कायदेशीर वय पूर्ण नसेल, तर आजचा भाग फक्त नाक आणि जिभेचं शास्त्र म्हणून ऐका. आणि दुसरं, दारूचं कुठलंच प्रमाण शरीराला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं म्हणून हा भाग नाही. जे पितात त्यांनी थोडं प्यावं आणि काय पितोय ते कळून प्यावं, म्हणून आहे.

2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढत गेल्या. पण मेनूकार्ड हातात आलं की आपली पंचाईत होते. ‘सिट्रस नोट्स’, ‘स्पायसी फिनिश’, ‘बिस्किटी माल्ट’ असं काय काय लिहिलेलं असतं. आपण मान डोलावतो आणि हळूच विचारतो, “भाऊ, यातली हलकी कुठली?”

खरं सांगू का? ते शब्द पाठ करायची गरजच नाही. या सगळ्या चवी आपल्या घरच्या डब्यांत आहेत.

आत असतं काय?

मुळात चार गोष्टी: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेकदा जव. घरी नाचणी सत्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. इथेही सुरुवात तशीच. मोड आले की धान्यात एन्झाइम तयार होतात. मग भरडलेला माल्ट साधारण 65 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की हे एन्झाइम पिठूळपणाची साखर करतात. माल्ट कमी भाजला तर वास ताज्या पावासारखा, जास्त भाजला तर कॉफीसारखा.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. गांजाच्याच कुळातली, पण त्यात ती नशा नाही. उकळताना आधी टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी टाकली तर सुगंध. फोडणीत मसाला कधी पडतो त्यावर भाजी बदलते, तसंच हे.

आणि यीस्ट. ते साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. त्यासोबत कितीतरी वासही. 1516 च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध बिअर कायद्यात पाणी, जव आणि हॉप्स एवढंच लिहिलंय. यीस्टचं नाव नाही, कारण ते काय काम करतं हे तेव्हा माहीतच नव्हतं.

आधी एक प्रयोग

एपिसोड पॉज करा. चिमूटभर बडीशेप घ्या, नाक घट्ट दाबा आणि चावा. फक्त थोडं गोड लागेल. आता नाक सोडा. आली ना बडीशेप?

आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग हा वास असतो. तो घशाच्या मागून नाकात पोचतो. बिअरमध्येही तेच. म्हणून बर्फासारखी गार बिअर गटागटा प्यायली की काहीच कळत नाही. गारठ्यानं जीभ बधिर होते आणि वास उडून नाकापर्यंत येतच नाहीत. गोठवलेला मग आला तर साधा ग्लास मागून घ्या. लेगर 4 ते 7 अंशांना ठीक, एल मात्र 8 ते 12 अंशांना खुलते. थर्मामीटर नको, पाच-दहा मिनिटं ग्लास नुसता ठेवा.

आता चार ग्लास

बऱ्याच ठिकाणी छोटे नमुन्याचे ग्लास मिळतात. चौघांत एक सेट पुरतो. हलक्यापासून कडक चवीकडे जा, मध्ये पाणी आणि साधे कुरमुरे. मसाला पापड नंतर, कारण त्याच्यापुढे बारीक वास टिकत नाहीत. प्रत्येक वेळी आधी बघा, मग दोन छोटे हुंगे, मग घोट. घोट तोंडात फिरवा आणि गिळा. कडवटपणा गिळल्यावर रेंगाळतो, म्हणून बिअर थुंकून कळत नाही.

पहिली, हेफेवायझन. जर्मन पद्धतीची गव्हाची, गढूळ बिअर. पिकलेलं केळं आणि लवंग असा वास येईल. गंमत म्हणजे यात ना केळं असतं ना लवंग. दोन्ही वास यीस्टनं तयार केलेले.

दुसरी, बेल्जियन विटबिअर. यात मात्र खरोखर धणे आणि संत्र्याची साल घालतात. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बिअर 1950 च्या दशकात बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या तिथल्या दूधवाल्यानं 1960 च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. वास घ्या आणि धणे कुटतानाचं स्वयंपाकघर आठवा.

तिसरी, आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे, पण बिअर इंग्लंडची. जहाजातून मुंबई, कोलकात्याला यायला कित्येक महिने लागत. हॉप्स जास्त असलेली बिअर तेवढे दिवस टिकायची, कारण हॉप्समधली द्रव्यं काही जिवाणूंना वाढू देत नाहीत. कडू लागली म्हणून तोंड वाकडं करू नका. मेथी आणि कारलं खाणारी माणसं आपण! कडवटपणाच्या मागे लिंबाची साल किंवा आंबा सापडतो का बघा.

चौथी, स्टाउट. काळीभोर. इथे जळालेली भाकरीची कड, भाजलेल्या शेंगदाण्याचं साल, बिनसाखरेची कॉफी. आणि एक गैरसमज इथेच संपवूया: काळी म्हणजे स्ट्राँग नव्हे. आयर्लंडची प्रसिद्ध गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांच्या आसपास असते, तर आपल्याकडच्या सोनेरी ‘स्ट्राँग’ बाटल्या 8 टक्क्यांपर्यंत जातात. रंग भाजण्यामुळे येतो. किती चढणार ते आकडाच सांगतो, म्हणून तो आधी वाचा.

बिघडलेली कशी ओळखायची?

पैसे आपले जातात, म्हणून हे महत्त्वाचं.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी झाली, हवा लागली. बटर पॉपकॉर्नचा वास बहुतेक बिअरमध्ये दोष मानतात. यीस्टला काम पूर्ण करू दिलं नाही की तो राहतो. उग्र, गंधकी वास म्हणजे ऊन लागलं. उजेडामुळे हॉप्समधली द्रव्यं मोडतात. तपकिरी बाटली उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा नाही. दुकानात काचेपुढे उन्हात मांडलेली हिरवी बाटली नको म्हणा.

आंबट चव आली तर आधी विचारा, कारण काही बिअर मुद्दामच आंबट करतात. तशी नसेल आणि व्हिनेगरसारखी लागली, तर परत करा. फेस लगेच बसला तर कधी कधी दोष बिअरचा नसतो, ग्लासला राहिलेल्या साबणाचा किंवा तेलाचा असतो.

हे सांगायला इंग्रजी शब्द लागत नाहीत. “याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय” एवढं पुरतं. बिअर तयार करणाऱ्याला त्यातून काय बिघडलं ते लगेच कळतं.

तर पुढच्या वेळी फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक ग्लासापुढे तीन मराठी शब्द लिहा. लवंग, धणे, करपलेली भाकरी, गूळ, काहीही. मित्राचे शब्द वेगळे निघाले तर भांडू नका, दोघांनी पुन्हा एकदा वास घ्या. असं लिहीत बसलं की एक ग्लास अर्धा तास सहज पुरतो.

आणि हो, फक्त नमुने चाखले असले, तरी घरी जाताना गाडी नको. रिक्षा करा, कॅब करा. भेटूया पुढच्या भागात!