पेंड कुणीच पेरत नाही

संक्रांतीला तिळाचा लाडू खाल्ला की देशातली पेंड किंचित कमी होते. थट्टा नाही, सरळ हिशेब आहे. जो तीळ लाडवात गेला तो घाण्यात गेला नाही, आणि जो घाण्यात गेला नाही त्याची पेंड झाली नाही. भारतातल्या तिळाच्या पेंडीची गेल्या साठ वर्षांची कहाणी या एका वाक्यात आहे. पण ती उलगडायला लागलो की काय काय हाताला लागतं!

आधी ही पेंड म्हणजे काय ते पाहू. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं. ते दाबून काढलं की उरतो तो घट्ट चोथा म्हणजे पेंड. तिळात प्रथिनं असतात साधारण २० टक्के. तेल निघून गेल्यावर त्याच प्रथिनांचं प्रमाण पेंडीत चाळिशीच्या वर जातं. काहीही न घालता, नुसतं काढून घेऊन, पशुखाद्य दुप्पट कसदार! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही बैलांच्या खुराकात घाण्याची पेंड आहे, म्हणजे ही किमया आपल्याला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. बरं, या प्रथिनांचा स्वभावही वेगळा. सोयाबीनच्या पेंडीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं, तिळाच्या पेंडीत भरपूर. उलट तिळात लायसिन कमी, ते सोयाबीनमध्ये भरपूर. दोन्ही पेंडी एकत्र केल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

आता, देशात अशी पेंड किती उपलब्ध आहे हे ठरवतात कसं? घरातल्या पिठाच्या डब्यासारखं. दळून आणलेलं अधिक शेजारणीकडून आणलेलं, वजा तिला दिलेलं, शिवाय कालचं शिल्लक धरायचं. देशाचंही तेच: उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, आणि साठ्यातला फरक. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९६१ पासून देशोदेशीचा असा ताळेबंद मांडत आली आहे, आणि त्यात तिळाच्या पेंडीचाही रकाना आहे.

भारताचं चित्र वरवर सोपं दिसतं. १९६० च्या दशकात आपल्याकडे २२ ते २५ लाख हेक्टरवर तीळ होता आणि हेक्टरी उतारा जेमतेम दोनशे किलो. आज क्षेत्र १५-१६ लाख हेक्टरच्या आसपास आलंय, पण उतारा दुपटीहून जास्त. त्यामुळे तेव्हाचे चार-पाच लाख टन तीळ आता सात-आठ लाख टनांवर गेले. मग पेंडही त्याच हिशेबात वाढायला हवी ना?

इथेच खरी गंमत आहे. २०१० नंतरच्या दशकात भारतातून वर्षाला तीन लाख टनांच्या आसपास तीळ परदेशी जात होते. निवडून, सोलून, पांढरेशुभ्र करून. कुठे बर्गरच्या पावावर, कुठे ताहिनी या तिळाच्या वाटणात. आणि एक टन अख्खा तीळ जहाजात चढला की त्याच्यासोबत सुमारे अर्धा टन पेंडही निघून जाते. पेंडीच्या निर्यातीच्या रकान्यात मात्र तिचा पत्ता नसतो! उलट जपान बघा. तिथे तिळाची शेती नावापुरती, पण बाहेरून तीळ आणून तेल काढतात. पीक नसलेल्या देशात पेंड तयार!

याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक होतं. चवीसाठी? छे, चोर पकडण्यासाठी! तिळाच्या तेलातला एक घटक आम्ल आणि फरफ्युरल यांच्या संगतीत लालबुंद होतो. साजूक तुपात कुणी वनस्पती मिसळलं तर परीक्षानळी लाल होऊन चुगली करते. आता हिशेब करा. एक लाख टन वनस्पतीला पाच हजार टन तिळाचं तेल, त्यासाठी सुमारे अकरा हजार टन तीळ, आणि त्यातून मागे उरणारी जवळपास सहा हजार टन पेंड. तुपातली भेसळ पकडायच्या नियमातून गोठ्यात खुराक!

पुढे वारं फिरलं. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त पामतेल घरोघरी पोचलं. दुसरीकडे सोयाबीनची लाट आली. १९७०-७१ मध्ये देशाचं सोयाबीन उत्पादन १४ हजार टनांच्या आसपास होतं. आज ते सव्वा कोटी टनांच्या घरात आहे. त्यात तेल अठरा-वीस टक्के, बाकी बहुतेक पेंडच. विदर्भ-मराठवाड्यात खरिपाच्या तिळाची रानं सोयाबीनखाली गेली, ती याच काळात.

तीळ मागे का पडला? त्याच्या बोंडांमुळे. पिकलं की बोंड आपोआप फुटतं आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून झाडं थोडी हिरवट असतानाच कापायची, पेंढ्या बांधून उभ्या वाळवायच्या आणि ताडपत्रीवर उलट्या करून झटकायच्या. सगळी हातमेहनत. १९४३ मध्ये व्हेनेझुएलात डेराल्ड लँगहॅम या शास्त्रज्ञाला न फुटणाऱ्या बोंडाचं झाड सापडलं. शेतकऱ्याचा प्रश्न सुटला म्हणावं, तर ते बोंड इतकं चिवट की मळणीतही दाणे सोडेना!

हडप्पाच्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे जळलेले तीळ सापडले, इतकं हे आपलं जुनं पीक. तरीही त्याला कुणी मिठाईसाठी पेरलं, कुणी तेलासाठी, कुणी निर्यातीसाठी. निव्वळ पेंडीसाठी कुणीच नाही. म्हणून तिचा पुरवठा पशुखाद्याच्या धोरणाने ठरत नाही. तो पामतेलाचा भाव, परदेशातली न्याहारी आणि तुपाचा कायदा यांनी ठरत आला आहे.

अलीकडे गावोगाव लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत. तिथे तिळाचं तेल घ्यायला गेलात तर पेंडीचा भावही विचारा. दाबाने तेल पूर्ण निघत नाही, त्यामुळे घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल उरलेलं असतं. ते गोठ्यात वाया जात नाही.