लेकीची शाळा, लेकीचे पैसे

लेक जन्मली की खर्च आला, असे आपण म्हणतो. पण लेकीच्या नावाने पैसेही येतात. ते कसे, हे आपण समजून घेऊ.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ‘लेक लाडकी’ योजना काढली. १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलींसाठी ती आहे. घरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड हवे. घराचे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत हवे.

मुलगी जन्मली की ५,००० रुपये मिळतात. पहिलीत गेली की ६,०००. सहावीत ७,०००. अकरावीत ८,०००. अठरा वर्षे पुरी झाली की ७५,०००. सगळे मिळून १,०१,००० रुपये झाले.

हे पैसे एकदम का देत नाहीत? मुलीची शाळा सुटू नये म्हणून. धाकटे भावंड सांभाळायला तिला घरी बसवली, की पुढचा हप्ता बुडाला. लवकर लग्न लावले, की शेवटचा मोठा हप्ताही गेला. कारण तेव्हा मुलगी अविवाहित असावी लागते.

मग आपण काय करावे? जन्माची नोंद लगेच करावी. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक घ्यावे. अंगणवाडीच्या ताईंकडे जाऊन अर्ज भरावा. कुटुंबनियोजनाची अट आहे, तीही ताईंना विचारावी. अर्ज आधी वाचावा, मग सही करावी. आता आपल्याला वाचता येते ना!

आणि ते ७५,००० रुपये मांडवात उडवू नयेत. त्यातून लेकीने पुढे शिकावे, नाहीतर धंदा शिकावा. मग तिला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.