३६२ खासदार आले, म्हणजे संविधान बदललं?

निवडणूक जवळ आली की चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत एक आकडा फिरू लागतो: ३६२. लोकसभेच्या ५४३ जागांचे दोन तृतीयांश. ‘एवढे आले की संविधान हवं तसं बदलता येतं,’ असं एक बाजू भीती घालायला सांगते, दुसरी फुशारकी मारायला. संविधानाचा अनुच्छेद ३६८ वाचायचे कष्ट दोघांनीही घेतलेले नसतात. तो जेमतेम पानभर आहे.

घटनादुरुस्ती विधेयक संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येतं. मंत्रीच हवा असं नाही, साधा खासदारही मांडू शकतो. मात्र प्रत्येक सभागृहात दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मतं. हिशेब करून पाहा. लोकसभेत ४८० जणांनी मतदान केलं तर ३२० मतं पुरतात. ४०० जणांनीच केलं तर दोन तृतीयांश २६७ होतात, पण तेवढ्यावर भागत नाही; २७२ लागतातच. ३६२ लागतील ते सगळेच्या सगळे ५४३ मत देतील त्या दिवशी.

बरं, ३६२ मिळालेही. राज्यसभेचं काय? १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३३२ विरुद्ध १५४ मतांनी आरामात पार पडलं. ५ सप्टेंबरला राज्यसभेत बाजूनं १४९ मतं पडली, विरोधात ७५. २२४चे दोन तृतीयांश होतात १४९.३३. एका मताच्या तिसऱ्या हिश्श्यानं विधेयक पडलं! साध्या विधेयकावर सभागृहांचं पटलं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. घटनादुरुस्तीला ती सोय नाही. तनखे बंद झाले ते पुढच्या वर्षी, निवडणूक होऊन गेल्यावर, २६व्या दुरुस्तीनं.

काही विषयांत संसदही पुरत नाही. केंद्र-राज्यांच्या विषयांच्या याद्या, राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व आणि खुद्द अनुच्छेद ३६८ यांना हात लावायचा तर किमान निम्म्या विधिमंडळांची संमती लागते. महाराष्ट्रातल्या सहकारवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. सहकारी संस्थांबाबतची ९७वी दुरुस्ती २०१२ मध्ये लागू झाली. आपण २०१३ मध्ये राज्याचा सहकार कायदाही तिच्याप्रमाणे बदलून घेतला. पण सहकार हा राज्यांचा विषय, आणि त्यांची संमती घेतलेलीच नव्हती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांतल्या संस्थांपुरता तो भाग रद्द केला.

एवढं सगळं पार पडलं तरी न्यायालय आहेच. संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३चा. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग आणणाऱ्या ९९व्या दुरुस्तीला दोन्ही सभागृहांची, १६ विधिमंडळांची आणि राष्ट्रपतींची मंजुरी होती. २०१५ मध्ये ती रद्द झाली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘सगळ्या राज्यांची मान्यता लागते.’ निम्म्यांची, तीही वरच्या विषयांतच. साध्या बहुमताचा ठराव चालतो.

‘राष्ट्रपती सही नाकारू शकतात.’ १९७१च्या २४व्या दुरुस्तीपासून नाही.

‘जनतेचा कौल घ्यावा लागतो.’ सार्वमताची तरतूद नाही. जनता सरकारनं १९७८ मध्ये ती आणू पाहिली, राज्यसभेनं गाळली.

‘मूलभूत हक्कांना हात लावता येत नाही.’ मालमत्तेचा हक्क ४४व्या दुरुस्तीनं त्या यादीतून गेला.

‘नवं राज्य करायला घटनादुरुस्ती हवी.’ महाराष्ट्र झाला तो १९६०च्या मुंबई पुनर्रचना कायद्यानं, साध्या बहुमतावर.

मग निर्धास्त राहावं का? मुळीच नाही. आणीबाणीतली ४२वी दुरुस्ती दोन्ही सभागृहं आणि राज्यं यांच्या संमतीनं, रीतसरच आली होती. तिच्यातलं बरंच काही नंतर ४३व्या आणि ४४व्या दुरुस्तीनं मागे घ्यावं लागलं. तेव्हा खासदारांची डोकी मोजत बसण्यापेक्षा विधेयकाचा मजकूर वाचा, आणि आपल्या आमदारालाही विचारा की विधिमंडळात त्यावर चर्चा होणार आहे की नुसतेच हात वर होणार आहेत.