लहान जातीच्या श्वानांतील श्वासनलिका दबणे : ओळख आणि उपचार

घरी पॉमेरेनियन आहे, पाहुणे आले की भुंकता भुंकता त्याला कोरडी ठसक लागते आणि बदक ओरडावे तसा आवाज येतो? घशात हाड अडकले असे समजून अनेक जण तोंडात बोटे घालतात. त्याऐवजी पशुवैद्यकाकडून श्वासनलिका तपासून घ्यावी.

श्वासनलिका कूर्चेच्या अर्धवर्तुळाकार कड्यांमुळे उघडी राहते. कड्यांची मोकळी बाजू पाठीकडे असते, तिथे पातळ पडदा असतो. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ, टॉय पूडल या जातींत कूर्चा मऊ पडते, पडदा सैल होऊन नळी चपटी होते. पहिल्या श्रेणीत ती साधारण पाव भाग दबते, चौथ्या श्रेणीत जवळजवळ बंद होते.

मानेतील भाग श्वास घेताना, तर छातीतील भाग श्वास सोडताना दबतो. त्यामुळे दोन्ही वेळचे एक्स-रे काढावे लागतात. एका एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून आजार नाही असे समजू नये. हृदयविकारातही खोकला येतो, तोही तपासावा.

उपचाराची सुरुवात घरातूनच होते. गळ्यातील पट्टा आजच काढा, छातीचा पट्टा (हार्नेस) वापरा. वजनाकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. ३ किलोच्या श्वानाचे अर्धा किलो जादा वजन म्हणजे ६० किलोच्या माणसाचे १० किलो! पोळी-तूप, बिस्किटे बंद करा. छत्रपती संभाजीनगर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. धापेने त्रास वाढतो, म्हणून फिरवणे पहाटेच. चुलीचा धूर, डासांची कॉइल, मळणीची धूळ यांपासून दूर ठेवा.

पशुवैद्यक खोकला दाबणारी, श्वासमार्ग रुंदावणारी आणि सूज असल्यास थोडे दिवस स्टेरॉइडची औषधे देतात. प्रतिजैविके संसर्ग असेल तरच. माणसांचे खोकल्याचे औषध देऊ नये. काहींत पॅरासिटामॉल किंवा झायलिटॉल असते, ते श्वानाच्या जिवावर बेतू शकते.

औषधांनी भागले नाही तर नळीबाहेर कडी बसवणे किंवा आत स्टेंट टाकणे हा पर्याय आहे. स्टेंट तुटू शकतो, खोकलाही पूर्ण थांबतोच असे नाही. म्हणून घाई नको.

जीभ निळसर पडली तर पट्टा सोडा, सावलीत पंख्याखाली ठेवा, तोंडात पाणी ओतू नका. शांतपणे उचलून लगेच दवाखाना गाठा.